नळसामानाचं अवकाश

अवकाशातल्या यच्चयावत लढाया अकोल्याच्या जुन्या शहरात मिळणाऱ्या नळसामानावरच लढल्या जातात, याबद्दल माझ्या मावसाजींच्या मनात तिळमात्र शंका नाही. पिक्चरमधला परग्रहावरचा सेनापती बंदूक उगारतो तेव्हा आपण दचकतो, मावसाजी टीव्हीला नाक लावून म्हणतात, "पाह्य, नळाचा दोन इंची रेड्युसर हाये. वरून चांदीचा रंग मारला फक्त." आणि दोन दिवसांत तशी बंदूक घरात तयार. निवृत्तीनंतर त्यांनी पाइपचे तुकडे, शॉवरच्या जाळ्या आणि कूलरचे पंखे यांतून इतकी शस्त्रास्त्रं उभारली, की परग्रहवासी मोर्णा नदी ओलांडून आले असते तर निदान आमची गल्ली तरी वाचली असती. हार्डवेअरवाला बिचारा विचारायचा, "काकाजी, नळ कुठं बसवाचा हाये?" मावसाजी शांतपणे सांगायचे, "नळ नाई. यंत्रमानवाचा कोपर हाये हा." दर्यापूरच्या एका लग्नात त्यांनी नवरा-नवरीला यानाचा कंट्रोल बोर्ड आहेर केला. वरबापाने कौतुकाने त्याची पिन सॉकेटात खुपसली आणि ऐन मंगलाष्टकांत मांडवातले पंखे, माइक, सगळंच बंद पडलं. त्या शांततेत मावशीचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "यान उडालं वाटते."

मग मावशीच्या घशात गाठ निघाली. अमरावतीला रेडिएशनचे शेक द्यायचं ठरलं. शेक देताना मान जराही हलू नये म्हणून रुग्णाच्या चेहऱ्याच्याच साच्याची प्लास्टिकची जाळी तोंडावर घट्ट बसवतात आणि ती टेबलाला अडकवून टाकतात. जाळी बसली तशी मावशी ओरडायलाच लागली. तिला तसंच बाहेर आणलं. "मी मेली तरी चालन, पन मले त्याच्यात घालू नका," असं बसमध्ये अकोल्यापर्यंत म्हणत राहिली.  मावसाजींनी स्टँडवरून तिला घरी सोडलं आणि ते थेट हार्डवेअरच्या दुकानात गेले.

पुढे मी भेटायला गेलो, तर बैठकीत दोन फळ्या शेजारीशेजारी मांडलेल्या आणि त्यांवर दोघं उताणी झोपलेली. दोघांच्याही तोंडावर जाळीचे मुखवटे, पाइपच्या क्लॅम्पने फळीला अडकवलेले.  तेवढ्यात एका मुखवट्यातून मावसाजी बोलले, "हालू नोको वं. यान चंद्राच्या मांगं गेलं."

"मंग तुमी कावून हालून राहिले?" दुसऱ्यातून मावशी.

"मी पायलट हावो."

आणि मावशी हसली. आजार कळल्यापासून तिचं हसू मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिच्या क्लॅम्पला मावसाजींनी एक दोरी बांधून तिच्या हातात दिली होती. जीव घाबरला की ओढायची, जाळी सुटायची. हळूहळू ती दोरी ओढेनाशी झाली.

अमरावतीला ती आपणहून टेबलावर झोपली. तिथल्या माणसाला म्हणाली, "बाहेर माहा पायलट बसला हाये. त्याले सांगजा, मी आलीच म्हना." सगळे शेक पूर्ण झाले. घसा आतून भाजून निघाला, आवाज बसला, जेवण पेजेवर आलं. पण उन्हाळ्यात एका दुपारी तिने वाटीभर आमरस स्वतःच्या हाताने खाल्ला, आणि ती बातमी मावसाजींनी गल्लीत दारोदार जाऊन सांगितली. पुढच्या हिवाळ्यात गाठ पुन्हा आली. या वेळी डॉक्टरांकडेही काही उरलं नव्हतं. मावशीच्या उशाशी बसून मावसाजी नुसते स्वतःचे हात चोळत राहायचे. "याच्यावर काई बनवता येत नाई रे," एवढंच मला म्हणाले.

ती गेल्यानंतर मी अधूनमधून जातो. परवा गेलो तेव्हा टीव्हीवर यानं एकमेकांवर तुटून पडली होती आणि मावसाजी समोर बसले होते.

"कोण जिंकून राहिलं?" मी विचारलं.

"मले का मालूम? मी आपला सामान पाहो. चांगले कोनते, वाईट कोनते, ते तुही मावशी सांगे."

तो पिक्चर मीही पाहिलेला नव्हता. त्यांच्या शेजारी बसलो आणि पडद्यावर जे दिसेल ते सांगू लागलो. मावसाजी मान हलवत ऐकत होते. थोड्या वेळाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "जरा हळू सांग. ती मधामधात थांबे."