पाहुण्यांच्या वायफायवर देव बसत नाहीत

आमच्या घरात दिवाणखान्यातला दिवा लावायचा तर माझ्या नवऱ्याला आधी चष्मा लागतो. मग मोबाइल शोधायचा, मोबाइलमध्ये ते अॅप शोधायचं, अॅप म्हणणार थांबा, जोडतोय. तोवर मी उठून भिंतीवरचं बटण खटाखट वरखाली केलेलं असतं. तर हा माणूस माझ्यावरच चिडणार. "अगं, बटणाला हात लावत जाऊ नकोस, तो ऑफलाइन जातो!" जाऊ दे की मेला. दिवा आहे तो, त्याला कुठे ऑनलाइन राहून परीक्षा द्यायचीय?

नवरा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. दोन वर्षांपूर्वी त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून घर स्मार्ट करायला घेतलं. तीस वर्षं घरात एक खिळा ठोकला नाही, आणि आता एकदम हे. दिवे झाले, गिझरचा प्लग झाला. दाराला अशी बेल लावली की जी वाजायच्या आधी दूधवाल्याचा फोटो काढते. गच्चीवरच्या टाकीत एक यंत्र सोडलं, ते दुपारी मोबाइलवर कळवतं की टाकी रिकामी आहे. अहो, नळ उघडला की मलाही कळतं! पाणी येत नाही हे सांगायला यंत्र कशाला हवं? पाणी आणून दाखवा म्हणावं. शिवाय एक बोलका स्पीकर आहे. त्याला मराठीत काही विचारलं की तो हिंदीत माफी मागतो.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे देवघरातला कॅमेरा. माझी नणंद मस्कतला असते. नवऱ्याची मोठी बहीण, सासूबाईंची लाडकी लेक. तिला म्हणे घरच्या देवांचं दर्शन होत नाही. झालं, भावाने देव्हाऱ्यासमोर कॅमेरा बसवला, तोही सगळ्यात वरच्या क्वालिटीचा, म्हणजे गणपतीच्या सोंडेवरचा गंधाचा ठिपका मस्कतला स्पष्ट दिसला पाहिजे. नणंदेने तिकडे भिंतीएवढ्या टीव्हीवर आमचा देव्हारा लावून ठेवलाय. दिवसभर. ती बाजारात गेली तरी देव चालूच. आम्ही इथे देवाला सकाळी हात जोडतो आणि कामाला लागतो, तिला तिथे अखंड सप्ताह.

मला कोणाच्या भक्तीशी भांडण नाही. पण या घरात माझंही एक यंत्र आहे, आणि ते कोणाच्या हौसेचं नाही.

माझं यंत्र म्हणजे एक काळा टेबलफोन. दिसायला जुन्या लँडलाइनसारखा, पण चालतो इंटरनेटवर. त्याची वायर थेट राउटरला लावायची. मी एका कंपनीत काम करते, जी डायलिसिस केंद्रांसाठी पेशंटचे फोन घेते. वेळ द्यायची, बदलायची, केंद्रातलं मशीन बंद पडलं तर दुसरीकडे कुठे जागा आहे ते सांगायचं. आधी आमचं ऑफिस कोपरीत होतं, ठाणे स्टेशनपासून चालत. मग कंपनीने ते बंद केलं आणि सगळं पुण्याला नेलं. आम्हाला सांगितलं, घरून जमत असेल तर घरून करा, फोन आम्ही देतो, नाहीतर पुण्याला या, नाहीतर राम राम. बावन्नाव्या वर्षी मी पुण्याला कुठे जाऊ? आणि या वयात दुसरं कोण मला कानाला फोन लावून खुर्चीत बसवणार आहे? ही नोकरी गेली की माझी नोकरी कायमचीच गेली, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला ही नोकरी आवडते, हेही सांगून टाकते. पलीकडचा माणूस घाबरलेला असतो, आपण त्याला वेळ सांगतो आणि त्याचा श्वास शांत झालेला ऐकू येतो. घरात असं काही कोणी मला ऐकवत नाही.

तर कॅमेरा बसला आणि आठवड्याभरात माझे फोन तुटायला लागले. गंमत अशी, की मला पलीकडचं सगळं लख्ख ऐकू यायचं. माझं मात्र त्यांना काही कळत नव्हतं. "हॅलो? ताई, तुटतंय. हॅलो?" मी घसा फोडून बोलतेय आणि समोरचा हॅलो हॅलो करतोय. तक्रारी गेल्या. पुण्याहून पहिली ताकीद आली. मी रात्री जेवताना घरात सांगितलं, असं चालू राहिलं तर माझी नोकरी जाईल. नवऱ्याने आमटी वाढून घेतली आणि म्हणाला, "तुझा तो कंपनीचा फोनच फालतू असेल. स्वस्तातला दिला असेल त्यांनी." तीस वर्षं रंगाचे डबे मोजले, पण टेलिफोनमधलं याला सगळं कळतं.

शेवटी मीच आमच्या इंटरनेटवाल्याला रविवारी बोलावलं. चाळिशीचा शांत माणूस, दिवा स्टेशनजवळ राहतो. त्याने मोबाइलवर दोन मिनिटं काहीतरी बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, तुमचा फोन एकदम बरोबर आहे. घरातून बाहेर जायची लाइन या बिल्डिंगला एवढीशीच आहे, आणि हा कॅमेरा ती पूर्ण खातोय. बाकीची चिल्लर पण थोडी थोडी खाते. दोन भाग करू. मेन लाइनवर तुमचा फोन एकटा. बाकी सगळं पाहुण्यांच्या वायफायवर टाकू, आणि त्या वायफायला लिमिट लावू. मग तिकडे कोणी कितीपण ओढू दे, फोनचा वाटा फोनला राहणार."

इतकं सरळ होतं हो. पण आमच्या घरात सरळ गोष्ट सरळ होईल तर शपथ. पाहुण्यांचं वायफाय म्हटल्याबरोबर नवऱ्याचं तोंड उतरलं. "पाहुण्यांचं कशाला? या घरच्या वस्तू आहेत." बेल तरी घरच्यांत ठेवा म्हणाला, ती दाराशी उभी असते. सासूबाईंचा स्पीकरसाठी आग्रह, कारण तो सकाळी भजन लावतो. इंटरनेटवाला म्हणाला, "आजी, भजन तिकडूनपण तेवढंच लागणार." लग्नात मुलाकडच्यांना कुठल्या पंगतीला बसवायचं यावर होत नाही इतका खल त्या दिवशी आमच्याकडे गिझरच्या प्लगवर झाला. कोण घरचं, कोण परकं, कोणाचा मान मोठा. कोण किती खातं हे एकाने विचारलं नाही! मी तिथेच दुसऱ्यांदा सांगितलं, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, मानपान नंतर करा. तासाभराने एकेक वस्तू पलीकडे गेली, कॅमेराही गेला. जाताना त्या माणसाने माझ्या मोबाइलवर एक यादी उघडून दाखवली. "मेन लाइनवर कोण बसलंय ते इथे दिसतं, वहिनी. इथे एकच नाव पाहिजे, तुमच्या फोनचं."

तीन दिवस माझे फोन असे झाले की मी स्वतःच्याच आवाजावर खूश. चौथ्या दिवशी परत, "ताई, तुटतंय."

शुक्रवारी पुण्याहून माझ्या वरिष्ठ बाईंनी मला मोबाइलवर घेतलं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण बोलायला नीट. म्हणाल्या, रेकॉर्डिंग ऐका. ते रेकॉर्डिंग त्यांच्याकडे होतं, म्हणजे पेशंटला जे ऐकू जातं तेच. कल्याणचे एक आजोबा होते, मला आठवत होते. मी त्यांना सहा वेळा वेळ सांगितलेली. रेकॉर्डिंगमध्ये मी नव्हतेच. एक अक्षर, मग खड्डा, मग अर्धं अक्षर. आणि आजोबा, "ताई, आहात का? ताई? आहात का?" शेवटी त्यांनीच फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी चुकीच्या वेळेला केंद्रात जाऊन दोन तास बसून राहिलेले. मला रडू आलं, मी लपवलं नाही. बाई म्हणाल्या, "ताई, आठ दिवस देते. नंतर माझ्या हातात नाही."

फोन ठेवला आणि ती यादी उघडली. मेन लाइनवर दोन नावं. एक माझा फोन. दुसरा कॅमेरा.

मी तशीच बाहेर गेले. नवरा पेपर वाचत होता, सासूबाई वाती वळत होत्या. "कॅमेरा परत इकडे कोणी आणला?"

नवऱ्याने पेपर खाली घेतला नाही. "आई म्हणाली."

सासूबाईंनी मात्र सरळ सांगितलं. त्यांना त्यात काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. "देवाला पाहुण्यांत कसं ठेवायचं गं? कुलस्वामिनी आहे तिथे. या घरात ती सगळ्यांच्या आधी आली. आणि तिकडे गेल्यापासून माझ्या लेकीला देवी धूसर दिसत होती."

"आई, ते पाहुणे म्हणजे नुसतं नाव आहे हो! यंत्राला काय कळतंय?"

"यंत्राला कळत नसेल. आपल्याला कळतं ना?"

कपाळ माझं! नवरा मध्ये पडला. म्हणे एकटा कॅमेराच आणलाय, बाकी सगळं तिकडेच आहे, म्हणजे तसं बघायला गेलं तर नव्वद टक्के तुझं ऐकलंय. हा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा! घरातलं सगळं पाणी एकटी म्हैस पितेय, आणि हा माणूस चिमण्या हाकलून दिल्या म्हणून शाबासकी मागतोय. मी म्हटलं, "अहो, आठ दिवसांत माझी नोकरी जाणार आहे. आठ दिवसांत! कळतंय का?" तो म्हणाला, "ओरडतेस कशाला, आम्ही काय बहिरे आहोत?"

मी देवघरात गेले, देवीला नमस्कार केला, माफ कर म्हटलं आणि कॅमेऱ्याचा प्लग उपटला. कॅमेरा माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप घातलं. पाच मिनिटांत मस्कतहून फोन. "अगं, देव गेले! देव गेले!" जसे काही चोरीला गेले. वर्षभरात मला तिचा पहिला फोन तो. मी म्हटलं, ताई, देव जागच्या जागी आहेत, आणि मी कामावर आहे.

मग सुरू झाला सत्याग्रह. सासूबाईंनी जेवण सोडलं, म्हणजे माझ्यासमोर सोडलं. नवरा माझ्याशी बोलायचा बंद झाला, पण माझ्याबद्दल मात्र मोठमोठ्याने बोलायला लागला, दाराशी उभं राहून, मस्कतशी. मी कानाला हेडसेट लावून फोन घेत राहिले. त्या आठ दिवसांत एक फोन तुटला नाही. कल्याणच्या त्या आजोबांचा परत आला, मी एकदाच वेळ सांगितली, ते म्हणाले, "कळलं ताई, सातला." मला खुर्चीतून उठून नाचावंसं वाटलं.

नवव्या दिवशी वरिष्ठ बाईंचा फोन आला. "ताई, एकदम क्लिअर. आता काही प्रश्न नाही, तुमचं काम चालू ठेवा." मी देवाचे आभार मानले, खरंच मानले. मग त्या जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "एक रेकॉर्डिंग ऐकवू का? तुमची चूक नाहीये काही." आणि लावलं. माझा आवाज, अक्षरन् अक्षर धड. मी कोणाला तरी विठ्ठलवाडीच्या केंद्राचा पत्ता समजावत होते. आणि माझ्या मागे, तितकाच स्वच्छ, माझ्या नवऱ्याचा आवाज. "तिची नोकरी राहिली काय नि गेली काय, काय फरक पडतोय ताई? तू काळजी करू नकोस. थोडे दिवस कळ काढ, गेली की कॅमेरा लावतो परत."

बाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "ताई, घरी सांगितलं नव्हतंत का, नोकरीचा प्रश्न आहे म्हणून?"

"सांगितलेलं," मी म्हटलं. "तीनदा. सगळ्यांना नीट ऐकू आलेलं."