देवतळेकाकांचं कबूतर

"काका, त्याला शिकवू नका हो!" सुलभामावशी गल्ल्यामागून किंचाळल्या. "त्याला येत नाहीये तेच बरंय!"

टेक्सासातल्या अर्विंग गावी त्यांच्या किराणा दुकानात एक दणकट गोरा तरुण पिस्तूल रोखून उभा होता. धाक दाखवायला त्यानं छताकडे नेम धरून चाप ओढला, तर काहीच झालं नाही. पुन्हा ओढला, पुन्हा नाही. आणि आमचे देवतळेकाका हातात दुधी धरून त्याच्याकडे असे पाहत होते, जसं भर मैफलीत पोरानं बेसूर गावं आणि गवयी बापाला ते मुकाट्यानं ऐकावं लागावं.

"नो, नो, सन! लेफ्ट थंब अप! आता तळहात दाब. अबे, दाब ना!"

मी कुठे होतो? बासमतीच्या पोत्यामागे, मोठ्या धैर्यानं.

ते पिस्तूल काकांनीच डिझाइन केलं होतं, हे सांगितल्याशिवाय त्यांचं वागणं कुणाला पटायचं नाही. काका मूळचे नागपूरचे, मेकॅनिकल इंजिनिअर. ऐंशीच्या दशकात ते टेक्सासमध्ये हॉब्ज नावाच्या गृहस्थाच्या पिस्तुलांच्या कारखान्यात होते. मी त्यांचा शेजारी आणि बिनपगारी ड्रायव्हर, कारण हायवेवर गाडी चालवणं काकांना धोक्याचं वाटायचं. त्यांना सगळंच धोक्याचं वाटायचं. पँटला पट्टा, वर गॅलस, आणि दोन्ही दगा देतील म्हणून एक हात कमरेवर. एकदा आम्ही ऑस्टिनला निघालो, निम्मा रस्ता संपला आणि काका ओरडले, "गाडी फिरव बे! गॅस बंद केला का नाही, आठवून नाही राहिलं!" परत आलो. गॅस बंद होता. त्यांची शेगडी विजेची होती, ही गोष्ट वेगळी.

अशा माणसाला हॉब्जनं पिस्तूल बनवायला सांगितलं. काकांनी बनवलं. चुकून गोळी सुटू नये म्हणून डावीकडे एक खटका. तो चुकून सरकला तर? म्हणून उजवीकडे दुसरा, उलट्या दिशेनं चालणारा. दोन्ही चुकून सरकले तर? म्हणून मुठीच्या मागे एक पट्टी, ती तळहातानं दाबून धरायची. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमवायला माणसाला एकतर तीन हात हवेत, नाहीतर लहानपणापासून तबल्याचा रियाज. सगळं जमवून चाप ओढेपर्यंत समोरचा शत्रू जेवून, हात धुऊन, बडीशेप चघळत परत येऊ शकला असता. पण एकदा सुटली की गोळी अशी सरळ जायची, की शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या गाई कान पाडून बसायच्या.

हॉब्जला पक्ष्यांचं वेड. त्यानं पिस्तुलाचं नाव ठेवलं 'प्रेअरी डव्ह', म्हणजे माळावरचं कबूतर. ते कोणी म्हणजे कोणी घेईना.

दर शनिवारी काका मला शूटिंग रेंजवर न्यायचे. तिथे टोप्या घातलेले टेक्सन बाप्ये धडाधड गोळ्या झाडत असायचे, आणि काका एकेकाला गाठून विचारायचे, आमचं का घेत नाही? एकजण म्हणाला, याचं होल्स्टर, म्हणजे चामडी पाकीट, कुठल्याच दुकानात मिळत नाही, मग कमरेला काय सुतळीनं बांधू? दुसरा म्हणाला, माझ्या वडिलांकडे दुसऱ्या कंपनीचं होतं. तिसरा म्हणाला, आवाज खोकल्यासारखा येतो. चौथा हॅट काढून हळूच म्हणाला, "मित्रांनी विचारलं कंबरेला काय आहे, तर काय सांगू सर? कबूतर?"

परतताना काका गाडीत धुमसायचे. "पाहिलं? चालते का, हे एकानं तरी विचारलं? लोक पिस्तूल हातानं नाही निवडत बे, शेजाऱ्याच्या तोंडानं निवडतात. ज्याचं पाकीट बाजारात मिळते तेच पिस्तूल चांगलं! उद्या बायकोही पर्सला मॅचिंग पाहूनच करतील!"

पण ते दोन खटके कमी करा, असं हॉब्जनं सुचवलं की काका लालबुंद व्हायचे. "मग उरलं काय? लोखंड!"

शेवटी हॉब्जही कंटाळला. त्यानं काकांना बोलावून, देवतळेचं नेहमीसारखं दिवाणटाली करत, सांगितलं, "दिवाणटाली, मला एक माणूस दाखव. फक्त एक. ज्याच्यासमोर बाकीची पिस्तुलं होती आणि त्यानं आपणहून तुझं उचललं. नाही दाखवलंस, तर महिनाअखेर मी डव्ह बंद करतो."

काकांची झोप उडाली. आयुष्यात केलेली ती एकच वस्तू, आणि ती कोणाला नको होती. "एक माणूस बे," ते मला म्हणायचे. "एवढ्या मोठ्या टेक्सासात एक नाही?"

आणि मग सुलभामावशींच्या दुकानात तो माणूस चालत आला.

तो तरुण, नाव लॅरी असं नंतर कळलं, आता घामाघूम झाला होता. एका हातात पैशासाठी आणलेली पिशवी, दुसऱ्यात डव्ह. "शट अप, ओल्ड मॅन!" तो ओरडला, पण अंगठा मात्र काका सांगतील तसा हलवत होता. काका म्हणाले, "पिशवी खाली ठेव आधी. एका हातानं नाही जमत हे." त्यानं ठेवली. मग तळहात दाबायला गेला तर खटका निसटला, खटका सावरायला गेला तर गोळ्यांचं मॅगझिन सुटून भेंड्यांच्या टोपलीत पडलं. काकांनी ते उचललं, रुमालानं पुसलं आणि मोठ्या मायेनं त्याला परत द्यायला निघाले. सुलभामावशींनी हिंदी सिनेमाची एक जाड व्हिडिओ कॅसेट काकांच्या मनगटावर हाणली, म्हणून दुकान वाचलं.

तेवढ्यात रोज समोसे न्यायला येणारा पोलीस आत आला. लॅरीनं पिस्तूल आपणहून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मला कुठेही ने. फक्त या म्हाताऱ्याला बरोबर घेऊ नकोस."

"काका, तुम्ही आम्हाला मारायलाच निघाला होतात!" मावशी कॅसेट उगारून म्हणाल्या.

"खटका काढायला शिकवून राहिलो होतो बाई," काका दुखावून म्हणाले, "गोळी झाडायला कुठे?"

पण त्यांचं लक्ष नव्हतं. चेहऱ्यावर असं तेज, जसं मुलीला स्थळ सांगून आलंय. त्यांना त्यांचा एक माणूस मिळाला होता!

पुढच्या रविवारी मी त्यांना तुरुंगात घेऊन गेलो. काकांनी सूट घातला होता. बरोबर न्यायला शंकरपाळे केले होते, ते दारावरच्या शिपायानं ठेवून घेतले. काचेपलीकडे लॅरी येऊन बसला, काकांना पाहून उठला, शिपायानं त्याला पुन्हा बसवलं.

काकांनी फोन कानाला लावला. मी शेजारी कान लावून बसलो.

"सन," काका म्हणाले, "ते पिस्तूल तू विकत घेतलं?"

"नाही. चोरलं. एका म्हाताऱ्याच्या घरातून."

"त्याच्याकडे अजून होती?"

"भिंतभर होती. सगळ्या मोठ्या कंपन्यांची."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, पुन्हा फोन धरला.

"मग तू त्यातून आमचंच का निवडलं?"

लॅरीनं खांदे उडवले.

"बाकीची त्यानं कपाटात बंद केली होती. हे बाहेर पडलं होतं."