दिनानाथचा डबा

दिनानाथ फोटोग्राफरचं नाव काढलं की पनवेलातले जुने लोक अजून हसतात आणि माझं डोकं फिरतं. स्वतः भिजत बिस्किटाच्या डब्यावर छत्री धरणारा वेडा, एवढंच त्यांच्या लक्षात आहे. त्या डब्यानं काय वाचवलं होतं, हे कुणी विचारत नाही. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान त्याच्या स्टुडिओला लागून होतं. मी सगळं या डोळ्यांनी पाहिलंय.

खाडीकाठच्या गावांतून त्याला लग्नाकार्याची बोलावणी यायची. जायचं होडीनं, आणि होडीच्या तळाशी पाणी असायचंच. एकदा कॅमेऱ्याच्या भात्याला, म्हणजे पुढच्या घडीच्या चामड्याला, बुरशी धरली, तेव्हा हा माणूस दोन दिवस नीट जेवला नाही. मग त्यानं कॅमेरा ठेवायला बिस्किटाचा हा डबा तयार केला. झाकणाला माझ्याकडच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावली. सांध्यांत राळ आणि तेलात भिजवलेला कापूस ठासला, होडीच्या फळ्यांमध्ये भरतात तसा. ते काम गव्हाणच्या काळूराम कोळ्यानं स्वतः करून दिलं. आत ओल शोषायला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, बाहेर दोन सुके भोपळे, डबा पाण्यात पडलाच तर तरंगावा म्हणून. लोक हसले. मीही हसलो होतो, खोटं कशाला बोलू?

सत्तावन्न सालच्या श्रावण अमावास्येला खाडीला मोठं उधाण आलं. गव्हाणजवळच्या एका मिठागराच्या शेठला आपला बांध फुटेल अशी भीती वाटली. त्यानं काय करावं? शेजारच्या शेतकऱ्यांच्या बांधातलं पाणी सोडायचं दार माणसं लावून वर उचललं आणि ते पडू नये म्हणून खाली वासे अडकवले. खाडी सरळ त्यांच्या भातात शिरली आणि शेठच्या बांधावरचा जोर ओसरला. वर या निर्लज्ज माणसानं कचेरीत अर्ज ठोकला, की गाववाल्यांनी दाराची देखभाल केली नाही म्हणून ते निकामी झालं. तसं ठरलं असतं तर त्या शेतकऱ्यांना, म्हणजे काशीराम आणि त्याच्या भाऊबंदांना, ना भरपाई मिळणार होती, ना बांधाची दुरुस्ती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काशीराम स्टुडिओत आला. वासे अजून जागेवर होते आणि त्यांवर मिठागराचा डांबरी शिक्का होता. शेठची माणसं ते काढून नेण्याआधी फोटो हवा होता. दिनानाथनं डबा उचलला, मी छत्री घेतली, काळूरामनं होडी काढली. पाऊस तोंडावर सपासप मारत होता. गव्हाणच्या अलीकडे एक लाट आडवी आली आणि डबा गेला पाण्यात. पण भोपळे तरंगले आणि काळूरामनं काठीनं डबा ओढून घेतला. उघडला तर आतले तांदूळ खडखडीत कोरडे. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दिनानाथनं फोटो घेतला. त्यात दार, वासे आणि शिक्का, सगळं लख्ख आलं.

चूक झाली ती पुढं. फोटोच्या दोन प्रती काढल्यावर काशीरामनं निगेटिव्हही मागितली. दिनानाथ म्हणाला, निगेटिव्ह कुणाला देत नाहीत, ती घरीच राहू दे. काशीराम ऐकेना.

"आमच्या आज्यानं कचेरीत नक्कल दिलती. कोनी मानली नाय, जमीन गेली," तो म्हणाला. "असल सरकारात, नक्कल आमच्याकडं."

दिनानाथनं निगेटिव्ह काढून दिली. मीही अडवलं नाही, त्याचा मला आजही राग येतो. निगेटिव्ह आणि एक प्रत एकाच पाकिटात घालून आम्ही कचेरीत दिली, दुसरी काशीरामनं घरी नेली.

सुनावणीला महिना गेला. त्या दिवशी कारकुनानं फाइल उघडली. कचेरीचं छप्पर गळत होतं आणि पाणी नेमकं त्या कपाटात मुरलं होतं. फोटो आणि निगेटिव्ह एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. काशीरामनं घाईघाईनं आपल्याजवळची प्रत पुढं केली. कारकुनानं ती बघितलीसुद्धा नाही. नक्कल चालत नाही, असल आणा, म्हणाला. असल त्याच्याच बोटांना चिकटलं होतं! दार एव्हाना नवं बसलं होतं, वासे गेले होते. शेठचा अर्ज मान्य झाला.

दुसऱ्या दिवशी दिनानाथ डबा घेऊन कचेरीत गेला आणि कारकुनाच्या टेबलावर ठेवला.

"हा खाडीत पडला तरी आत थेंब गेला नाही," तो म्हणाला. "लोकांची असल कागदपत्रं यात ठेवत जा."

दिवाळीनंतर मी माझ्या कामाला त्या कचेरीत गेलो. डबा टेबलावरच होता. कारकुनानं झाकण उघडलं, आतून पान-तंबाखू काढली आणि मजेत पान जमवलं. तंबाखू अगदी कोरडी होती. मला तो डबा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. घातला नाही, याची मला अजून लाज वाटते.

उन्हाळ्यात गव्हाणला गेलो तेव्हा काशीरामचं शेत खारानं पांढरं पडलं होतं. तो शेठच्याच मिठागरात मीठ वाहत होता. मला बघून त्यानं डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"असल गावलं काय, भाऊ?" त्यानं विचारलं.