नाव घातलेलं कपाट

बहिणीच्या लग्नाला चार दिवस उरले होते आणि तिच्या आंदणाचं कपाट भातकुलीला आमच्या दारात उतरलं ते चेपलेलं. अकोल्याहून टेम्पोत येताना कुठंतरी आपटलं असावं. दार लागेना, कुलूप बसेना. आई दार पुन्हा पुन्हा लावून पाहू लागली. आंदण मांडवात मांडतात आणि वराकडची माणसं नवरीआधी कपाट उघडून पाहतात, हे तिला पक्कं ठाऊक. मला नुसता वैताग आला. सलग तीन वर्षं कपाशीनं दगा दिलेला, लग्न दोनदा पुढं ढकललेलं, आणि आता हे.

दुसऱ्या दिवशी त्याच टेम्पोत कपाट घालून पुन्हा अकोला गाठलं. दुकानदार म्हातारा, आमच्याइतकाच थकलेला. त्यानं दारावरून हात फिरवला आणि बहिणीच्या नावावर बोट ठेवलं. आमच्याकडे आंदणाच्या कपाटावर नवरीचं नाव रंगवून घेतातच.

"नाव टाकेल हाय, भाऊ. हे वापस घेऊन कोनाले विकू मी?"

थोडा वेळ भांडलो, मग भांडायचंही त्राण उरलं नाही. तेव्हा तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथं पाच-सहा नवीकोरी कपाटं उभी होती, प्रत्येकावर एकेका मुलीचं नाव. लग्नं लांबली होती, कपाटं इथंच राहिली होती.

"नवीन बनवाले आठ दिवस लागतीन. तुमचं राहू द्या इथं, हे कोपऱ्यातलं घेऊन जा, त्याच्यावरचं नाव घासून तुमच्या बहिनीचं टाकून देतो."

"आन् जिचं हाय, तिचं?"

"तिचा बाप दर बाजाराले येऊन पाहून जाते. म्हनते, कपाशी निघू द्या. दोन सालं झाले."

मी हो म्हणालो. पेंटर ते नाव घासत होता तेव्हा मी बाहेर जाऊन चहा घेतला. मला ते पाहवलं नसतं.

मांडवात वराकडच्या चांदूर रेल्वेच्या पाहुण्यांनी दार दोनदा उघडून लावून पाहिलं. त्यांना आवडलं. आईचा जीव भांड्यात पडला. पाठवणीआधी बहिणीनं मला बाजूला घेतलं.

"दादा, माह्या नावाखाली दुसरं नाव हाय. हाताले लागते."

मी खरं ते सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मंग आता तिचा बाप बाजाराले आला, तं दुकानदार त्याले काय दाखवतीन?"

हा प्रश्न अकोल्यात माझ्याही मनात आला होता. मी विचारला नाही. विचारला असता, तर कपाट आणता आलं नसतं.