पूर्ण नाव लिहिणारे अण्णा

अण्णांच्या हातून कागदावर अर्धं नाव कधी उतरलं नाही. हुबळीच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या छपराखाली त्यांचं टेबल. त्यावर आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला, अण्णा तेच राहिले. प्रतिज्ञापत्र करायला आलेल्याने नुसतं पहिलं नाव सांगितलं, की त्यांची बोटं थांबायची. "वडिलांचं नाव? आडनाव? राहणार कुठं? अहो, साहेबापुढं कागद एकटाच जाणार आहे की. त्याची नीट ओळख नको?" मी तेव्हा नवी वकील होते. हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या माझ्या सीनियरांपेक्षा जास्त कायदा मी या टेबलाशी उभी राहून शिकले, पण हे सीनियरांना सांगायची सोय नव्हती.

टाइप झालेला मजकूर ते प्रत्येकाला वाचून दाखवत. कानडीत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपवत, पण समोरच्याने मान डोलावल्याशिवाय सही घेत नसत. एका आजींनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, तेव्हा मागची माणसं कुरकुरली. अण्णा म्हणाले, "सही त्यांची आहे. घाई तुम्हाला कशाला?"

इरप्पाला त्यांच्याकडे मीच नेलं. जवळच्या तारिहाळच्या कारखान्यातला हा वेल्डर दोन वर्षं परदेशात राबून परतला होता. तिथे कामगारांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि तक्रार करणारा कोठडीत. त्याचा थोरला भाऊ अजून तिथेच अडकलेला. त्या देशातल्या मानवी हक्कांची चौकशी युरोपातल्या एका संसदेची समिती करत होती आणि परतलेल्यांचे लेखी जबाब मागवत होती. "म्हणजे आपल्या इरप्पाचं बोलणं तिकडचे खासदार वाचणार?" अण्णांनी चष्मा पुसून घेतला आणि सगळ्यांना चहा सांगितला.

जबाब फार चांगला झाला. पहिल्याच ओळीत इरप्पाचं पूर्ण नाव, पुढे भावाचं पूर्ण नाव, त्याची कंपनी, छावणीतला खोली क्रमांक. समितीच्या सूचनांत एक ओळ होती: जबाब जाहीर केले जातील, म्हणून गुप्त ठेवायची नावं मजकुरात न घालता वेगळ्या कागदावर द्यावीत. ती मी वाचली होती. तरी कागद हातात आला तो इतका आमच्या सवयीचा दिसला, की मी तसाच पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी इरप्पा मोबाइल पुढे धरून आला. जबाब समितीच्या संकेतस्थळावर होता, भावाच्या खोली क्रमांकासकट. अण्णांनी दोनदा वाचला. "हे तिकडचा मालकही वाचणार की," एवढंच म्हणाले. आम्ही लगेच कळवलं, दोन दिवसांत जबाब काढला गेला. पण भावाचा दर शुक्रवारी येणारा फोन त्या शुक्रवारी आला नाही. पुढच्याही नाही.

अण्णांनी धास्तीच घेतली. कुणाचाही फोन वाजला की दचकायचे. सकाळी मला पाहिलं की नजरेनेच विचारायचे, आणि मी नजर चुकवायची. "चूक माझीसुद्धा आहे," मी एकदा म्हटलं.

"तुम्ही नवीन आहात, बाई. मी चाळीस वर्षं नावं लिहितोय. नाव लिहिलं की माणूस सापडतो, हे ठाऊक होतं की मला. कुणाला सापडतो, हे कधी विचारलंच नाही."

दीड महिन्याने इरप्पा पुन्हा टेबलाशी आला. भाऊ बेपत्ता असल्याचा अर्ज आपल्या सरकारकडे करायचा होता. अण्णांनी 'विषय' टाइप केला आणि नुसते बसून राहिले. इरप्पाने स्टूल जवळ ओढलं आणि हळूच म्हणाला, "हेसर बरीरी, अण्णा. नावच लिहिलं नाही तर ते त्याला शोधणार कसं?"

अण्णांनी नाव लिहिलं. वडिलांचं, आडनाव, सगळं. वाचून दाखवताना मात्र त्या नावाशी आल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, पुढचं मी वाचलं. त्या दिवसानंतर ते टेबलावर आले नाहीत.

गेल्या वर्षी अण्णा गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, "शेवटी शेवटी अण्णा सारखं एकच पूर्ण नाव घेत होते. आमच्या नात्यात तर असं कुणी नाही. कोण हो ते?"

मी तिला सांगितलं नाही. त्या माणसाचा अजून पत्ता नाही, आणि त्याचं नाव मोठ्याने घ्यायची मला भीती वाटते.