जुन्या भोकातली कांडी

ती दुपार आठवली की अजूनही माझे तळहात ओले होतात. चेन्नई पोलिसांत माझी उभी हयात गेली. प्रेतं पाहिली, दंगली पाहिल्या, एकदा स्वतःवर उगारलेला कोयताही पाहिला. पण सर्वांत जास्त भ्यालो तो ठाण्यातल्या खुर्चीत बसून, कानाला फोन लावून.

खबर सकाळी आली. पेरुंगुडीत खोल्या भाड्याने देणारी एक बाई पंखा दुरुस्त करायला माणूस घेऊन भाडेकरूच्या खोलीत गेली होती. भाडेकरू न्हाणीघरात होता आणि फळीवर टॉवेलात गुंडाळलेली सुरुंगाची कांडी होती. बाईने कशालाही हात लावला नाही. न्हाणीघराला बाहेरून कडी घातली आणि मग आम्हाला फोन केला. आमच्या काही हवालदारांनी तिच्याकडे शिकवणी लावायला हरकत नव्हती.

बॉम्बशोधक पथकाने कांडी नेली, आम्ही माणूस आणला. पन्नाशी उलटलेला, नागपूरकडचा, जन्म मँगनीजच्या खाणीत गेलेला. आमच्या हद्दीत जमिनीखालून पाण्याची वाहिनी न्यायचं काम चालू होतं. मध्ये काळा खडक लागला, म्हणून ठेकेदाराने खाणीतले लोक आणले होते. हा त्यांचा ब्लास्टर, म्हणजे सुरुंग भरून उडवणारा. ठाण्यात मराठी येणारा मी एकटाच. माझी मराठी तंजावरची, तिच्यात तमिळ सढळ. एरवी तो हसला असता. त्या दिवशी तो फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

चौकशी सुरू झाली. कांडी कुठून आणली, कुणासाठी आणली, साथीदार कोण, या कशालाही उत्तर नाही. मात्र थोड्या थोड्या वेळाने एकच प्रश्न, "किती वाजले, जी?" पोलिसाच्या डोक्यात अशा वेळी काय येतं, ते सांगायला नको. कांडी सापडलेला माणूस वेळ विचारतो, म्हणजे दुसरी कांडी कुठे तरी वेळ धरून ठेवलेली आहे. मी एग्मोर रेल्वे स्टेशनवर बंदोबस्त वाढवायला सांगितला आणि घरी फोन करून मुलीला आज बाहेर पडू नकोस म्हणालो.

दुपारी बोगद्याच्या इंजिनिअरशी बोलणं झालं. त्याचं म्हणणं, एकही कांडी चोरीला गेलेली नाही, खाली नेलेल्या सगळ्या खडकात भरल्या आणि उडवल्या. म्हटलं, मग ही आभाळातून पडली का? कामाची रीत नीट सांग. त्याने सांगितलं. खडकाच्या तोंडावर ड्रिलने भोकं पाडायची, त्यांत कांड्या सारून वरून माती ठासायची, तारा जोडायच्या, सगळे लांब गेले की उडवायचं. हे रात्रपाळी करते. सकाळची पाळी फुटलेला दगड उपसते. दुपारची पाळी पुन्हा भोकं पाडते.

फोन ठेवला आणि तसाच उभा राहिलो. भरलेली कांडी आमच्या पथकाकडे होती. म्हणजे ती फुटलीच नव्हती. त्या भोकातल्या बाकीच्या कांड्या कुठे होत्या, आणि त्यांच्यावर ड्रिल पडलं तर?

मी त्याच्यासमोर बसलो. आवाज चढवला नाही. म्हणालो, ही तुला फुटलेल्या दगडांत सापडली ना? त्याने पुन्हा वेळ विचारली. दुपारची पाळी एव्हाना बोगद्यात उतरली असेल, असं मी म्हणालो आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"माहा जवाई हाये खाली," तो म्हणाला.

मग धरण फुटावं तसा बोलला. न फुटलेली कांडी सापडली की काम थांबवून कळवायचं, हा नियम. पण त्याच्या हातून असं एकदा झालेलं होतं, पुन्हा झालं तर परवाना जाणार. म्हणून कांडी टॉवेलात लपवून आणली. सकाळच्या पाळीने दगड उपसला की, दुपारची पाळी उतरण्याआधी जाऊन त्या भोकात उरलेल्या कांड्या गुपचूप पाण्याने धुऊन काढायचा त्याचा बेत होता. तोवर आम्ही त्याला उचललं, मोबाईलही काढून घेतला. आता सुटेन, मग सुटेन, या आशेवर तो गप्प बसला होता.

मी म्हणालो, जावई काय त्याच भोकात ड्रिल घालणार आहे का? खडक केवढा असतो.

"जुन्या भोकातच ड्रिल लावते तो, साहेब. सळाक घसरत नाही, काम लवकर होते." त्याने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "म्याच शिकवलं त्याले."

इंजिनिअरचा फोन लागेना. फाटकावरच्या वॉचमनने उचलला. ब्लास्टर ओरडला, हवा बंद करा. ड्रिल हवेवर चालतं, वरचा कॉम्प्रेसर थांबला की खालचं ड्रिल मरतं. मी वॉचमनला तमिळमध्ये दरडावलं, "पोलीस बोलतोय. एअर निप्पाट्टु!" तो फोन तसाच टाकून पळाला. आम्हाला कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येत राहिली. मग ती एकदम थांबली. का थांबली, हे फोनवरून कळायला मार्ग नव्हता. ब्लास्टर जमिनीवर बसला होता. मी मारुतीचं नाव घेत होतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

वॉचमन धापा टाकत परत आला. बटण त्यानेच दाबलं होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा माणसं लिफ्टच्या पिंजऱ्यातून वर येत होती. जावयाच्या ड्रिलची सळई जुन्या भोकाच्या तोंडात अडकून राहिली होती. तिच्या टोकापुढे वीतभर अंतरावर कांड्या होत्या. पथकाने नंतर त्या पाण्याने धुऊन काढल्या.

गुन्हा दाखल झाला, परवाना गेला. मला मात्र एक कायमचं कळलं. संशयिताने काय लपवलंय, हे आपण फार विचारतो. त्याला कुणाची भीती वाटते आणि कुणासाठी वाटते, हे विचारत नाही. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न हाच असे, तुझ्या घरचं कोण, आत्ता कुठे आहे?

त्या दिवशी सासऱ्याने जावयाला मिठी मारायला हात पुढे केले. पोरगा धुळीने राखाडी झालेला होता. माझ्याकडून त्याला सगळं समजलं होतं. तो मागे सरकला.

"मामाजी, सकाळपासून ठाण्यातच होते ना तुमी?"

सासऱ्याने मान डोलावली.

"मंग एवढ्या उशिरा काहून आठवण आली माही?"

सासऱ्याने पुढे केलेले हात मागे घेतले. मी त्याला जीपमध्ये बसवलं. ठाण्यापर्यंत त्याने एकदाही वेळ विचारली नाही.