तेराव्यानंतर येणारे सर

सर कधी मांडी घालून जेवले नाहीत. ताट हातात, आणि माझ्या खानावळीच्या दारापासून तव्यापर्यंत येरझारा. मी म्हणायची, "सर, बसा की. अन्न पळून न्हाई चाललं." ते म्हणायचे, "बसलो की डोकं पळायला लागतंय, मावशी."

आम्ही एकाच गावचे. भूकंपाआधी ते पुण्यात एका ताऱ्याचा अभ्यास करत होते. भूकंपात त्यांची आई गेली, माझा नवरा गेला. ते गावी आले आणि अभ्यास अर्धाच राहिला.

मयताच्या घरी ते तेराव्याला जात नसत; सगळे पांगल्यावर जात. आमच्याकडे पुढारी आले, कॅमेरेवाले आले, ब्लँकेटं आली. सर वर्षाने आले, पत्र्याच्या शेडात. म्हणाले, "मावशी, आता कसं?" तेव्हा मी पहिल्यांदा रडले, आणि मला त्यांचा रागच आला.

पुढे मी लातुरात खानावळ काढली. गल्लोगल्ली क्लास निघाले होते. सर त्यातल्याच एका क्लासात फिजिक्स शिकवायचे. पोरं जिन्यात बसून ऐकायची. त्यांचा जीव मात्र ताऱ्यात. मी चौथी शिकलेली, तरी मी पोळ्या लाटत असताना त्यांनी मला समजावलं. एक विझत आलेला छोटा तारा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढतो. तो अंगावर साचतो आणि एक दिवस भडका उडतो. तेवढे दिवस सगळे बघतात. मग उजेड उतरतो.

"पण आत जळणं चालूच असतंय. वरचा धुरळा विरळ झाला की क्ष-किरण बाहेर पडतात. ते जमिनीपर्यंत पोचत न्हाईत, वर उपग्रह लागतो."

किती दिवस जळतं, हे त्यांना मोजायचं होतं. त्यांचा तारा मोजायचा राहून गेला.

मग एका वर्षी, परीक्षा तोंडावर असताना, दुसरा तारा भडकून उतरला. तो मोजायला सरांना पुण्याहून बोलावणं आलं. क्लासचा मालक माझ्या खानावळीत येऊन ओरडला, "सर, पोरांचं वाटोळं करायलात!"

सर प्रथमच एका जागी उभे राहिले. "मावशी, काय करू?"

"पोरांना दुसरा सर मिळंल. जावा."

खरं सांगते, त्यांनी जावं असं मला वाटत नव्हतं. उरलेले धडे त्यांनी चार दिवसांत उरकले आणि गेले.

आठ दिवस गल्लीत तीच चर्चा. कुणी पळपुटा म्हणालं. मग क्लासच्या फलकावर दुसऱ्या सरांचा फोटो लागला आणि सगळे गप्प झाले. महिनाभराने मी फोन लावला.

"सर, जळतंय का अजून?"

"जळतंय, मावशी." मग विचारलं, "तुमचं?"

"व्हय," म्हटलं आणि फोन ठेवला. भाजी करपायला लागली होती.